डोकं उगवणारं पाणी

४ फेब्रुवारी
सरांनी आज खोलीत बोलावून दार लावून घेतलं. ही शेवटची मुदतवाढ. मार्चच्या शेवटी कमिटी बसणार. तिला काम पटलं तर थिसिस लिहायची परवानगी, नाही तर पीएचडीचं रजिस्ट्रेशन रद्द आणि बेंच रिकामं करायचं. यापुढे माझ्या हातात काही नाही, असं सर म्हणाले. मागच्या वर्षीही त्यांच्या हातात काही नव्हतं आणि त्याच्या मागच्या वर्षीही. पण या वेळी मला खुर्ची द्यायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही. ते जरा खटकलं.

काळजीचं कारण नाही. आठ वर्षं झाली, पण मोठ्या कामाला वेळ लागतोच. उद्यापासून पहाटे साडेपाचला उठणे. रोज थिसिसची दोन पानं. चहा कमी.

५ फेब्रुवारी, सकाळी ९
साडेपाचला उठलो नाही. झोप पुरी झाली नाही तर कापताना हात थरथरतो, आणि हात हेच माझं भांडवल. उशिरा उठणं हा कामाचाच भाग समजावा.

कमिटीसमोर ततपप व्हायला नको म्हणून सगळं एकदा स्वतःलाच सांगून ठेवतो. हायड्रा हा गोड्या पाण्यातला प्राणी, दोऱ्याच्या बारीक तुकड्याएवढा. एका टोकाला पाय, दुसऱ्या टोकाला तोंड, तोंडाभोवती पाच-सहा हात. डोकं कापलं तर दोन-तीन दिवसांत नवं येतं. अंगाला दोन थर आणि त्यांच्या मधे जेलीसारखा पातळ पडदा. नवं डोकं यायचं तर तो पडदा आधी कुरतडला जायला हवा. ते कुरतडणारं एन्झाइम हायड्रा स्वतःच स्रवतो. ते अडवणारं औषध पाण्यात टाकलं तर डोकं येतच नाही. इथपर्यंत जगाला माहीत आहे.

पुढचं फक्त मला माहीत आहे. ते एन्झाइम बाहेर पाण्यात झिरपतं. ज्या पाण्यात डोकी उगवली ते पाणी मी गाळून ठेवतो आणि नव्याने कापलेल्या हायड्रांना देतो. त्यांची डोकी साध्या पाण्यातल्या भावंडांपेक्षा लवकर येतात. दर वेळी येतात. आठ वर्षांत एकदाही उलटं झालेलं नाही. असा सरळ निकाल इथे कोणाकडे आहे?

थिसिसची पानं: शून्य. पण वरचं लिहिलं ते प्रकरण एकमध्ये जाऊ शकेल. म्हणजे अर्धं पान.

९ फेब्रुवारी
बायको आज जेवताना म्हणाली की तिने तिकडे होकार कळवला. ती दातांची डॉक्टर. दुसऱ्या गावात तिची मैत्रीण दवाखाना काढते आहे, तिथे भागीदारी. एप्रिलमध्ये जायचं. मी म्हटलं, मी पदवी घेऊनच येईन. ती म्हणाली, पदवी घेऊन ये नाही तर न घेता ये, पण ये. याला पाठिंबा म्हणावं की नाही ते कळत नाही. माणसाला धीर द्यायची ही पद्धत नव्हे.

११ फेब्रुवारी
चष्मिषने आज सगळ्यांसमोर माझ्या कामात नाक खुपसलं. ही माझ्या शेजारच्या बेंचवरची मुलगी, येऊन पुरती दोन वर्षंही झाली नाहीत. हिचा पेपर छापूनही आला. कानामागून आली आणि तिखट झाली. मला 'दादा' म्हणते. 'सर' म्हण असं मी तिला दोनदा सुचवलं. तेव्हा ती म्हणाली, सर तर आत बसलेत ना.

तिचं म्हणणं असं. डिशवर मी 'पाणी' आणि 'साधं' अशी नावं लिहितो, ती तिने पट्टी लावून झाकायची आणि डिश अदलाबदल करायच्या. मी काय कापतोय ते मलाच कळणार नाही. डोकी मोजून झाली की मग पट्ट्या काढायच्या. सगळीकडे असंच करतात, म्हणे.

सगळीकडे करत असतील. ज्यांचा स्वतःवर भरवसा नाही त्यांनी जरूर करावं. मी डोळ्यांवर पट्टी बांधून घेण्यातला माणूस नाही. तिला शांतपणे सांगितलं की आठ वर्षांत कापण्याचं काम मी दुसऱ्या कोणाला करू दिलेलं नाही. आपला हात जगन्नाथ. ती 'बरं दादा' म्हणून गेली. त्या 'बरं'मध्ये काहीतरी होतं.

१५ फेब्रुवारी
रविवार. सासऱ्यांचा फोन. 'जावईबापू, तुमचे किडे काय म्हणतात?' ते किडे नाहीत हे मी त्यांना लग्नापासून सांगतो आहे. पालथ्या घड्यावर पाणी. मग म्हणाले, पण डोकं कापलं तर परत येतं, मग माणसाच्या गुडघ्याचं काही होईल का? मी म्हटलं, त्याच दिशेने काम चालू आहे. ते खूश झाले. खरं तर त्या दिशेने काहीच चालू नाही. पण त्यांचा गुडघा फार दुखतो.

१९ फेब्रुवारी
चष्मिष मला न विचारता माझं पाणी घेऊन गेली. म्हणजे विचारलं होतं, पण मी तेव्हा फोनवर होतो आणि मान हलवली. तिने स्वतःचे हायड्रा कापले. आज निकाल घेऊन आली. दोन्ही डिशमध्ये डोकी बरोबरीने आली. फरक नाही.

मी मुळीच घाबरलो नाही. तिला विचारलं, पाणी फ्रिजमधून काढून किती वेळाने टाकलं? ती म्हणाली लगेच. मग तेच कारण. गार पाण्यात एन्झाइम झोपतं. ती म्हणाली, दादा, तुम्हीही लगेचच टाकता, मी पाहिलंय. मी म्हटलं, ते वेगळं.

काय वेगळं ते उद्या शोधणे.

२० फेब्रुवारी
सापडलं. तिचं इन्क्युबेटर खिडकीकडे आहे, माझं भिंतीकडे.

२४ फेब्रुवारी
नव्याने प्रयोग लावला. दोन डिश, दोन्हीत एकाच बरणीतले, एकाच दिवशी खाऊ घातलेले, आदल्या दिवसापासून उपाशी ठेवलेले हायड्रा. मायक्रोस्कोपखाली ब्लेडने एकेक कापला. अशा वेळी मी फार शांत असतो. घरचं, कमिटीचं, काही आठवत नाही. नुसता तो हिरवट दोरा आणि ब्लेड. आठ वर्षांत मला खरोखर आवडलेलं काम हे एवढंच.

२७ फेब्रुवारी
'पाणी' डिशमध्ये जवळजवळ सगळ्यांना हात फुटले. 'साधं' डिशमध्ये अजून नुसते बोडके खुंट. हातच्या कांकणाला आरसा कशाला! चष्मिषला बोलावून दाखवलं. तिने बराच वेळ मायक्रोस्कोपमध्ये पाहिलं. मग म्हणाली, खरंच फरक आहे. मला वाटलं आता माफी मागेल. तिने विचारलं, कापल्या कापल्या लगेच काढलेले फोटो आहेत का? आहेत, सगळे आहेत, आठ वर्षांचे. पण ते कशाला बघायचे? त्यांत नुसते डोकं नसलेले तुकडे असतात. मी ते कधी उघडलेलेही नाहीत.

आज दिवस फार चांगला गेला. थिसिस उद्यापासून नक्की.

५ मार्च
सरांना निकाल दाखवला. सर म्हणाले, हे तुम्ही मला आठ वर्षं दाखवताय, तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातून आलंय का ते दाखवा. कमिटीत बाहेरून एक बाई येणार आहेत. जुन्या, कडक. त्या हेच विचारतील. चष्मिषचं नाव त्यांनी काढलं नाही, पण तिने कान भरले असणार. आता हे दुसरं कोण आणायचं? दगडाखाली हात.

घरी येताना सुचलं. ब्लेड हातात धरायचं शिक्षण झालेला माणूस माझ्या घरातच आहे.

७ मार्च
बायकोला राजी केलं. अट अशी की नंतर जेवणाचं टेबल मीच पुसायचं, दोनदा, आणि पुन्हा कधी तिच्या फ्रिजमध्ये प्राणी ठेवायचे नाहीत. मायक्रोस्कोप घरी आणला. तिने मात्र तिची ती डोळ्यांवर लावायची भिंगं लावली आणि स्वतःची हत्यारं काढली. मी कुठे कापायचं ते दाखवायला गेलो तर म्हणाली, एकदा सांगितलंस, कळलं. सगळे हायड्रा तिने दहा मिनिटांत उडवले. प्रत्येक तुकडा नेमका सारखा, भाजी चिरावी तसा. याला मी संशोधन म्हणत नाही. पण हात तिचा चांगला आहे, हे मान्य.

मधेच तिने विचारलं, तू एवढा वेळ का लावतोस कापायला? मी म्हटलं, मी प्रत्येकाकडे लक्ष देतो.

१० मार्च
दोन्ही डिश सारख्या.

१० मार्च, संध्याकाळ
लवंगतेल! दिवसभर लोकांच्या दातांत लवंगेचं तेल भरून ती घरी आली होती. हातमोजे घातले तरी वास येतोच. त्याने एन्झाइम मेलं. हे दुपारीच का सुचलं नाही?

तिला सांगितलं. ती टेबलाशी पेशंटचे एक्स-रे बघत होती. मान वर न करता म्हणाली, 'लवंगेचा वास दोन्ही डिशना सारखाच लागला ना? मग त्याने फरक कसा पुसला जाईल?'

मी म्हटलं, हे इतकं सोपं नसतं. दातांच्या डॉक्टरांना हे शिकवत नाहीत.

खरं तर प्रश्न बरोबर होता. लवंगेने सगळीच डोकी उशिरा आली असती. पण तिने कापलेल्यांची डोकी उशिरा आलीच नव्हती. माझ्या 'पाणी' डिशमध्ये येतात तितक्याच लवकर आली होती. दोन्ही डिशमध्ये. साध्या पाण्यातसुद्धा.

यावर उद्या विचार करणे.

११ मार्च
यावर विचार केला नाही. प्रकरण एकला आकर्षक शीर्षक शोधत होतो.

१४ मार्च
लॅबच्या बाथरूममध्ये थोडा वेळ रडलो. कारण: ब्लीचचा वास डोळ्यांत गेला. नवा ब्लीच फार कडक आहे, तक्रार करणे.

चष्मिष दाराबाहेर चहा घेऊन उभी होती. चहा माझ्यासाठी होता. ती पुन्हा तेच म्हणाली, पट्ट्या लावून एकदा करून बघू, अजून वेळ आहे, मी कोणाला सांगणार नाही. ती मला मदत करायला बघतेय असा मला क्षणभर भास झाला. मग लक्षात आलं की मी गेलो तर भिंतीकडचं बेंच तिलाच मिळणार. नको म्हटलं. चहा घेतला.

१८ मार्च
झोप नाही. भूक नाही. निकाल मात्र पुन्हा उत्तम! दोनदा प्रयोग लावला, दोन्ही वेळा 'पाणी' पुढे, 'साधं' मागे. माझ्या हातात ते येतं, इतरांच्या हातात येत नाही. याचं एकच कारण असू शकतं. हे काम फार नाजूक आहे. काही लोकांच्या हाताला गुण असतो. कमिटीला हे स्पष्ट सांगावं की नाही? स्वतःच्या तोंडाने बरं दिसणार नाही. विचारलं तरच सांगणे.

२२ मार्च
रविवार. सासऱ्यांचा फोन घेतला नाही.

बायकोने खोकी आणलीत. पुस्तकं भरायला घेतली. माझी भरली नाहीत, एका बाजूला रचून ठेवलीत. म्हणाली, तू सांगशील तेव्हा भरते. मी हॉलमध्ये बसून त्या ढिगाकडे बघत होतो. मला फार भीती वाटते आहे. हे लिहून टाकलं म्हणजे ती जाईल असं वाटलं होतं. गेली नाही.

सकारात्मक विचार करणे.

२५ मार्च, सकाळी ७
आज कमिटी. इस्त्रीचा शर्ट. स्लाइड्स तयार. प्रकरण एक तयार नाही, पण विचारलं तर सांगायचं की भाषेवरून हात फिरवतोय.

२५ मार्च, संध्याकाळ
क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं की नीट दिसतं.

तिघं होते. सर, आमच्याच इमारतीतले एक गृहस्थ जे सतत फोन बघत होते, आणि त्या बाई. लहानखुऱ्या, पांढरे केस, मांडीवर पर्स. मी चांगलं बोललो. ततपप झालं नाही. शेवटी डोक्यांचे फोटो दाखवले तेव्हा फोनवाल्या गृहस्थांनीही मान वर केली.

बाईंनी एकच प्रश्न विचारला.

'कापलं कोणी?'

याच प्रश्नाची मी वाट बघत होतो. मी सांगितलं की आठ वर्षांत एकूण एक हायड्रा मी स्वतः कापलेला आहे, कोणाला हात लावू दिलेला नाही. छाती जरा पुढेच आली असावी. बाईंनी सरांकडे पाहिलं. सरांनी टेबलाकडे पाहिलं.

मग त्या म्हणाल्या, कापल्यानंतरचे पहिले फोटो दाखवा. कुठलेही दोन, शेजारी शेजारी. लॅपटॉपवर शोधायला वेळ लागला, कारण ते फोल्डर मी कधी उघडलंच नव्हतं. भिंतीवर दोन फोटो आले. डावीकडे 'पाणी', उजवीकडे 'साधं'. डावीकडचे तुकडे लांब होते. उजवीकडचे आखूड. दुसरे दोन लावले. तसेच. तीन वर्षांपूर्वीचे. तसेच.

बाई म्हणाल्या, डोक्याच्या लगेच खाली कापलं तर नवं डोकं लवकर येतं, कमरेत कापलं तर उशिरा येतं. हे तुम्हाला माहीत असेल. मला माहीत आहे. पहिल्या वर्षीच्या पोरांनाही माहीत असतं. मी म्हटलं, हा योगायोग आहे, फोटो तिरके आलेत. मी म्हटलं, मी तुमच्यासमोर आत्ता कापून दाखवतो.

कोणी आग्रह केला नव्हता. सर 'राहू द्या' म्हणालेसुद्धा. मीच ऐकलं नाही.

सगळे लॅबमध्ये आलो. मायक्रोस्कोपचा कॅमेरा भिंतीवरच्या पडद्याला जोडलेला असतो. चष्मिषने दोन डिश आणून ठेवल्या आणि मागे जाऊन उभी राहिली. डिशवर माझ्याच अक्षरात 'पाणी' आणि 'साधं'. मी ठरवलं की बरोबर मधोमध कापायचं. दोन्हीकडे. एवढं तर येतं मला. 'पाणी' डिशमधला पहिला घेतला आणि कापला. पडद्यावर पाहिलं तर तो हातांच्या अगदी खाली तुटला होता. म्हटलं, हलला. 'साधं'मधला घेतला. तो कमरेत तुटला.

बाई म्हणाल्या, 'पुन्हा.'

मी पुन्हा केलं. 'पाणी'च्या डिशवर ब्लेड नेलं की ते वर सरकायचं. मला ते दिसत होतं. सगळ्यांना भिंतीवर हातभर मोठं दिसत होतं. मी ते खाली आणायचो, आणि कापायच्या क्षणी ते परत वर जायचं. कपाळावरून घाम डोळ्यांत आला. किती कापले आठवत नाही. मग सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला.

बाहेर पॅसेजमध्ये बाई मला म्हणाल्या, 'तुम्ही खोटं बोलत नव्हता, हे मी त्यांना सांगितलंय. तुम्हाला ते फार हवं होतं.' मग म्हणाल्या, नियम नियम आहे. पर्स घेऊन निघून गेल्या.

२६ मार्च
रजिस्ट्रेशन रद्द. सरांनी स्वतः येऊन सांगितलं. अपील करता येईल. विचार करतोय. बाई पूर्वग्रहाने आल्या होत्या हे उघड आहे. पडद्यावर आकृती मोठी होते, त्यामुळे अंतर फसवं दिसतं. यावर एक सविस्तर निवेदन लिहिणे.

२७ मार्च
निवेदन लिहिलं नाही. ब्लेडने काकडी कापून बघत होतो. दोन काकड्या, एकीवर कागद चिकटवला 'पाणी', दुसरीवर 'साधं'. बायकोने दारातून पाहिलं. तिने माझ्या हातातलं ब्लेड काढून घेतलं आणि कोशिंबिरीला घेतली काकडी.

२८ मार्च
बेंच रिकामं केलं. फ्रिजमध्ये माझ्या पाण्याच्या बाटल्या होत्या. चष्मिषने विचारलं, ठेवू का? मी म्हटलं, नको. सगळ्या सिंकमध्ये ओतल्या. ती बाटल्या विसळत होती आणि मी पुसत होतो. ती म्हणाली, कापायचं मला शिकवा ना दादा, तुमच्याइतका बारीक काप कोणाला जमत नाही. मी तिला शिकवलं. डिशवरची नावं आधी तिने झाकली, मी सांगायच्या आत.

हायड्रांना खायला घालून आलो.

२९ मार्च
सासऱ्यांचा फोन घेतला. त्यांना सांगितलं की मी फार विचार करून स्वतःहून सोडलं, संशोधनात आता राजकारण माजलंय, आणि बायकोच्या करिअरचाही विचार करायला हवा. ते म्हणाले, उत्तम केलंत जावईबापू. गुडघ्याचं विचारलं नाही. बायको शेजारीच उभी राहून माझी पुस्तकं खोक्यात भरत होती. तिने सगळं ऐकलं आणि पट्टी चिकटवायला मला खोकं धरायला सांगितलं.

आता तेच इथे लिहायला घेतलं होतं. 'आज मी स्वखुशीने' एवढं लिहिलं आणि खोडलं. ही वही मी सोडून कोणी वाचत नाही. सासऱ्यांना सांगितलं ते ठीक, त्यांना बरं वाटलं. पण इथे मी कोणाला सांगतोय?

मला काढलं. माझं पाणी साधं पाणी होतं.